डिजिटल चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकांकिकेची तालीम, ढोल-ताशा पथकाचा सराव, घरगुती मैफल, आजोबांची मुलाखत हे सारे पुण्यातले लोक आता स्वतःच टिपतात आणि संकलनाला बसल्यावर अडतात. सदाशिव पेठेतल्या आमच्या लहानशा संकलन-कक्षात गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत, तेवढेच येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक बाब चित्रीकरणाच्या वेळीच ठरते की नंतर दुरुस्त करता येते, हे शक्य तिथे मुद्दाम सांगितले आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची अडचण नेमकी तिथे असते.

१. फ्रेम रेट म्हणजे काय, आणि आपल्याकडे तो २४, २५ की ३० ठेवावा?

चलचित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. त्यांतले प्रत्येक चित्र ही एक फ्रेम, आणि सेकंदाला किती फ्रेम टिपल्या हा फ्रेम रेट. मूकपटांच्या काळात हा वेग पक्का नव्हता, कारण कॅमेऱ्याचा दांडा बहुधा हातानेच फिरवला जाई. म्हणून ते चित्रपट आजच्या वेगाने दाखवले की माणसे दुडूदुडू धावताना दिसतात. बोलपट आल्यावर आवाज फिल्मच्या कडेला छापला जाऊ लागला आणि वेग बदलला की आवाजही बदलणार हे उघड झाले, तेव्हा सेकंदाला २४ फ्रेम हा वेग कायम झाला. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली ती याच बोलपटांच्या काळात. दूरचित्रवाणीने मात्र विजेच्या वारंवारतेशी जुळवून घेतले: भारतात आणि युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५, अमेरिकेत ६० हर्ट्झची, म्हणून ३०.

पुण्यात दिव्यांखाली चित्रीकरण करणाऱ्याने २५ ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे (दिव्यांचे कारण प्रश्न ५ मध्ये). फोन बहुतेक वेळा ३० वर लावलेला मिळतो आणि काही फोनांत २५ चा पर्याय ‘पाल’ (आपल्याकडच्या दूरचित्रवाणीची पद्धत) या नावाखाली असतो, तो शोधून चालू करावा. फ्रेम रेट नंतर बदलता येतो, पण त्यासाठी संगणकाला फ्रेम गाळाव्या तरी लागतात किंवा कल्पून भराव्या तरी लागतात, आणि दोन्हींत हालचाल अडखळते.

२. फोर-के मध्येच चित्रीकरण करावे का? ‘१०८०पी’ मधला ‘पी’ कशाचा?

रिझोल्यूशन म्हणजे एका फ्रेममधील बिंदूंची, अर्थात पिक्सेलची संख्या. फुल एचडी म्हणजे १९२०×१०८०, सुमारे २०.७ लाख पिक्सेल. घरच्या टीव्हीचे फोर-के म्हणजे ३८४०×२१६०, बरोबर चौपट. चित्रपटगृहाचे फोर-के ४०९६×२१६० असते आणि ते किंचित रुंद आहे. ‘पी’ म्हणजे प्रोग्रेसिव्ह, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाच वेळी पूर्ण टिपलेली. त्याच्या उलट ‘आय’ असतो, त्याविषयी प्रश्न १२ पाहावा.

अंतिम चित्रफीत फुल एचडी असली तरी फोर-के चा एक मोठा उपयोग आहे. भरत नाट्य मंदिरात मागच्या रांगेत एकच कॅमेरा लावून पूर्ण रंगमंच फोर-के मध्ये टिपला, तर संकलनात त्याच चित्रातून अर्ध्या रुंदीचा तुकडा कातरून नटाचे जवळचे दृश्य काढता येते आणि ते फुल एचडीच्या प्रतीचेच राहते. एका कॅमेऱ्यात दोन कॅमेऱ्यांचे काम होते, मात्र फोकस अचूक हवा, कारण कातरल्यावर फोकसची चूकही दुप्पट मोठी होते.

३. बिटरेट म्हणजे काय? तासाभराच्या एकांकिकेला किती मोठे कार्ड लागेल?

दर सेकंदाला जितकी माहिती साठवली जाते तो बिटरेट. तो मेगाबिटमध्ये सांगतात आणि कार्डाची क्षमता मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटवर असेल, तर १०० भागिले ८ म्हणजे १२.५ मेगाबाइट प्रतिसेकंद, आणि तासाचे ३,६०० सेकंद धरले तर ४५ गिगाबाइट. म्हणजे ६४ गिगाबाइटच्या कार्डावर एक एकांकिका मावते आणि दुसरी अर्ध्यावर तुटते. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत ‘दुसरे नाटक अर्धेच आले’ असा निरोप आला, की आम्ही आधी हाच गुणाकार करून पाहतो.

बिटरेट कमी आणि हालचाल जास्त असली की चित्र चौकोनाचौकोनांत फुटते. फुटलेले चित्र नंतर सांधता येत नाही.

४. एमपीफोर आणि एच.२६४ एकच ना? फाइलचे नाव बदलून एमओव्ही केले तर चालेल का?

एकच नाहीत. एमपीफोर, एमओव्ही, एमकेव्ही हे कंटेनर, म्हणजे डबे. डब्यात चित्र, आवाज, उपशीर्षके वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असतात. चित्र दाबून लहान करण्याची जी रीत, ती कोडेक. २००३ चा एच.२६४, २०१३ चा एच.२६५ आणि २०१८ चा एव्हीवन हे कोडेक आहेत. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतला पदार्थ बदलत नाही, म्हणून नुसते नाव बदलणे निरर्थक आहे.

कोडेकची गरज किती आहे ते एका हिशेबाने कळते. फुल एचडीचे २०,७३,६०० पिक्सेल, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला २५ फ्रेम: हे न दाबता साठवले तर सेकंदाला सुमारे १,२४४ मेगाबिट लागतात. कॅमेरा ५० मेगाबिटमध्ये भागवतो, म्हणजे जवळजवळ पंचविसावा भाग. हे साधते ते दोन फ्रेममधला फरक तेवढा साठवल्यामुळे. मागचा पडदा हललेला नसेल तर तो पुन्हा लिहायचाच कशाला? याच कारणाने एच.२६५ ची फाइल जुन्या संगणकावर संकलनात अडखळते: एक फ्रेम दाखवण्यासाठी त्याला मागच्या-पुढच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. अशा वेळी प्रॉक्सी, म्हणजे हलकी दुय्यम प्रत, करून तिच्यावर संकलन करावे; अंतिम चित्रफीत काढताना सॉफ्टवेअर मूळ फाइल वापरते.

५. ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकताना का दिसतात?

५० हर्ट्झच्या विजेवर चालणारी जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. शटरचा वेग, म्हणजे एका फ्रेमसाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला तर प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याची पूर्ण आवर्तने येतात आणि प्रकाश समान राहतो. १/६० ठेवला तर एखादे आवर्तन अर्धवट पडते आणि पट्टे येतात. ३० फ्रेमवरचा फोन अनेकदा स्वतःहून १/६० निवडतो. २५ फ्रेमला १/५० हे शटर हालचालीच्या दृष्टीनेही योग्य, कारण फ्रेम रेटच्या दुप्पट शटर ठेवले की हालचाल डोळ्याला स्वाभाविक वाटते.

अपवाद स्वस्त एलईडी दिव्यांचा. त्यांची लुकलुक विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असेलच असे नाही, मंद केल्यावर तर ती आणखी वाढते. तिथे कार्यक्रमाआधी दोन मिनिटे चित्रीकरण करून, मोठ्या पडद्यावर पाहून शटर ठरवणे हाच उपाय आहे.

६. आठ बिट, दहा बिट आणि ४:२:० यांचा मला काय उपयोग?

आठ बिटांत लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ छटा मावतात, दहा बिटांत १,०२४. पर्वतीवरून टिपलेल्या संध्याकाळच्या आकाशात छटांचे पायऱ्यांसारखे पट्टे दिसत असतील, तर छटा अपुऱ्या पडल्या आहेत. ४:२:० चा अर्थ असा की उजेड प्रत्येक पिक्सेलचा साठवला आणि रंग आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना निम्म्या तपशिलाने. फुल एचडी चित्रात रंगाची माहिती ९६०×५४० एवढीच असते. डोळ्याला रंगाचे बारकावे कमी कळतात, म्हणून हे सहसा खपून जाते. हिरव्या पडद्यासमोर चित्रीकरण करून पार्श्वभूमी बदलायची असेल तर मात्र केसांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. तिथे ४:२:२, म्हणजे रंग फक्त आडव्या दिशेने निम्मा ठेवणारी पद्धत, घ्यावी. टाकून दिलेला रंग पुढे कोणत्याही रूपांतराने परत येत नाही.

७. आवाजासाठी ४४.१ किलोहर्ट्झ की ४८?

चित्रफितीसाठी ४८, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. कारण असे: सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला ध्वनिलहरीचे किती वेळा मोजमाप घेतले ते, आणि एखादी वारंवारता टिपायला तिच्या दुपटीहून अधिक मोजमापे लागतात. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, म्हणून दोन्ही आकडे पुरेसे आहेत. ४४,१०० हा विचित्र आकडा सीडीकडे आला तो व्हिडिओ टेपवरून: सुरुवातीचा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत, आणि एका रेषेत ३ मोजमापे, एका फील्डमध्ये (एका वेळी दाखवल्या जाणाऱ्या निम्म्या फ्रेममध्ये) २९४ रेषा, सेकंदाला ५० फील्ड यांचा गुणाकार ४४,१०० होतो. अमेरिकी पद्धतीने २४५ रेषा आणि ६० फील्ड धरले तरी उत्तर तेच येते. चित्रपट आणि दूरचित्रवाणीने ४८,००० स्वीकारले, कारण ती संख्या २४, २५ आणि ३० या तिन्हींनी नि:शेष भागली जाते.

८. ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणात आवाज फाटतो. नंतर आवाज कमी केला तरी फाटलेलाच राहतो. असे का?

डिजिटल मापनात शून्य डेसिबल हे छत आहे; त्याच्या वर काहीच नाही, सगळे आकडे उणे. ध्वनी छताला लागला की लहरीचा वरचा भाग कापला जातो. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावर फोनवर टिपलेला एक तुकडा आमच्याकडे आला होता. संकलनाच्या पडद्यावर लहर मोठी करून पाहिली, तर डोंगराचे शेंडे कोणीतरी सुरीने कापावेत तशी ती वरून सपाट होती आणि टिपरूच्या प्रत्येक ठोक्याला तीच सपाटी दिसत होती. आवाज कमी केल्यावर ती सपाटी फक्त खाली आली. कापलेला शेंडा कुठेच साठवलेला नव्हता, म्हणून तो परत येण्याचा प्रश्नच नव्हता.

उपाय आधीचा आहे. गेन, म्हणजे माइककडून येणारा संकेत किती वाढवायचा ते, हाताने ठरवावे आणि स्वयंचलित गेन बंद करावा. बोलण्यासाठी सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास असावा. पथकासाठी सरावात उणे १८ धरावे, कारण मिरवणुकीत वादक सरावापेक्षा जोरात वाजवतातच. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा आवाका मिळतो, २४ बिटांत सैद्धान्तिक १४४, म्हणून २४ बिटांवर लेव्हल, म्हणजे टिपलेल्या आवाजाची पातळी, खाली ठेवल्याने काही बिघडत नाही.

स्वयंचलित गेनचा दुसरा तोटा मैफलीत दिसतो. गायिका आलापात क्षणभर थांबली की उपकरणाला शांतता वाटते, ते गेन चढवते, तानपुरा आणि पंखा एकदम पुढे येतात. मग पुढचा स्वर लागताच सगळे पुन्हा दबते. तो श्वासाचा अवकाश गाण्याचाच भाग आहे आणि तो असा बुजवला गेलेला ऐकताना वाईट वाटते.

९. मग ३२ बिट फ्लोट घेतले की लेव्हलची चिंता संपली का?

बरीचशी संपते. या पद्धतीत शून्याच्या वरचे आकडेही साठवता येतात, म्हणून छताला लागल्यासारखा दिसणारा आवाज नंतर खाली ओढता येतो. पण माइकचा पडदाच आवाजाच्या दाबाने फाटका संकेत देत असेल, तर पुढचे उपकरण त्याला काही करू शकत नाही. ताशापासून हातभर अंतरावर फोन धरणाऱ्याने आधी चार पावले मागे जावे.

१०. आवाज एकाच कानात का येतो?

एकच माइक स्टिरिओच्या डाव्या मार्गिकेत गेला आहे. संकलनात ती मार्गिका मोनो (दोन्ही कानांना एकच) करावी म्हणजे आवाज दोन्हीकडे समान येतो. हे नंतर पूर्ण दुरुस्त होते, काळजीचे कारण नाही.

११. हेडफोनवर व्याख्यान ऐकू येते, पण फोनच्या स्पीकरवर वक्त्याचा आवाजच नाहीसा होतो. फाइल खराब आहे का?

फाइल खराब नाही. हा प्रसंग माझ्यावर स्वतःवर आलेला आहे. एका सभागृहाच्या ध्वनिफलकावरून (मिक्सरवरून) थेट कॅमेऱ्यात आवाज घेतला, तो हेडफोनवर जरा पोकळ वाटला, पण मी पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी आयोजकांनी फोनवर लावले तर टाळ्या ऐकू येत होत्या आणि वक्ता मुका.

ध्वनिफलकाची संतुलित तार एकच आवाज दोनदा नेते, एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे वाटेतली खरखर नंतर वजा करता येते. कॅमेऱ्याच्या स्टिरिओ खाचेला हे कळत नाही; ती सरळ आवाजाला डावा आणि उलट्याला उजवा समजते. एकच स्पीकर असलेल्या फोनमध्ये दोन्हींची बेरीज होते आणि उत्तर शून्य येते. टाळ्या उरल्या होत्या, कारण नंतर संकलनात मी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवरचा सभागृहाचा आवाज त्यात मिसळला होता. दुरुस्ती सोपी आहे: एक मार्गिका काढून टाकून दुसरीच मोनो करावी. दोन्ही मार्गिका मिसळून मोनो करू नये. तसे केले तर आवाज सगळीकडूनच जाईल.

१२. घरच्या लग्नाची जुनी कॅसेट संगणकावर घेतली, तर हालचाल होताच कडांना कंगव्यासारखे दात का दिसतात?

व्हीएचएस कॅसेटवरचे चित्र ‘आय’, म्हणजे इंटरलेस्ड आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ५७६ दृश्य रेषा असतात; आधी एकाआड एक निम्म्या रेषा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उरलेल्या निम्म्या. तेवढ्या वेळात नवरी मान वळवते, आणि दोन वेगळ्या क्षणांच्या रेषा एका फ्रेममध्ये बसवल्या की मुंडावळ्यांना दात फुटतात. जुन्या टीव्हीवर हे दिसत नसे, कारण तो रेषाही त्याच क्रमाने दाखवी.

डीइंटरलेस करताना, म्हणजे या रेषा सुट्या करून पूर्ण फ्रेम बनवताना, सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेमची फाइल काढावी, म्हणजे टेपवरचे सर्व ५० क्षण टिकतात. ७२०×५७६ चे पिक्सेल चौरस नसतात. ४:३ प्रमाण न लावल्यास चेहरे किंचित उभट दिसतात, आणि पडदा भरावा म्हणून १६:९ मध्ये ताणले तर सगळे वऱ्हाड फुगलेले दिसते. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. टेपवरून घेतलेली मूळ, न बदललेली फाइल जपून ठेवावी, कारण कॅसेट पुढच्या वेळी चालेलच असे नाही.

१३. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, अर्ध्या तासाने सुटतात. कुठे चुकले?

दोन शक्यता आहेत. पहिली, चित्र फोनवरचे असेल तर त्याचा फ्रेम रेट बदलता असतो. उजेड कमी झाला की फोन फ्रेम कमी घेतो आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरचा हिशेब चुकतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्थिर २५ निवडून फाइल रूपांतरित केल्यावर संकलनाला घ्यावी.

दुसरी, चित्र आणि आवाज दोन उपकरणांवर घेतले असतील, तर प्रत्येकाचे घड्याळ स्वतंत्र असते. दोन घड्याळांत दहा लाखांत ३० इतका अल्प फरक असला, तरी तासाला ०.१०८ सेकंद, म्हणजे अडीच फ्रेमहून अधिक तफावत पडते. यासाठी कार्यक्रमाच्या आरंभी आणि शेवटी, दोन्ही उपकरणे चालू असताना, कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. पहिल्या टाळीने जागा जुळते, दुसऱ्या टाळीने किती ताणायचे ते कळते.

फरक सुरुवातीपासून सारखाच असेल तर कारण वेगळे आहे. रंगमंचापासून २० मीटरवर कॅमेरा असेल, तर आवाज त्याच्या माइकपर्यंत पोहोचायला सुमारे ०.०६ सेकंद लागतो, म्हणजे दीड फ्रेम. रंगमंचावरच्या माइकचा आवाज आणि हा आवाज तसेच मिसळले तर सगळे घुमते. कॅमेऱ्याचा आवाज तेवढा आधी येईल असा सरकवावा.

१४. मैफलीची पट्टीच उतरली आहे. गायकाने तर काळी चारमध्ये गायले होते.

४८,००० ने घेतलेली फाइल कुठल्यातरी सॉफ्टवेअरने ४४,१०० ची समजून वाजवली आहे. सॅम्पल रेट रीतसर बदलला तर पट्टी बदलत नाही. फाइलवरची नोंद हरवली किंवा चुकीची लिहिली गेली तरच असे होते. तेव्हा आवाज जवळजवळ दीड अर्धस्वर (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतले अंतर म्हणजे एक अर्धस्वर) उतरतो, म्हणजे काळी चारचे गाणे पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मधोमध, कोणत्याच पट्टीत न बसणारे ऐकू येते, आणि एक तासाची मैफल ६५ मिनिटे १८ सेकंद चालते. पेटीवर स्वर लावून पाहिला आणि तो दोन पट्ट्यांच्या मध्ये सापडला, तर हेच निदान समजावे. फाइलला खरा आकडा पुन्हा सांगितला की गाणे जागेवर येते. पट्टी चढवण्याचे उपकरण वापरू नये, त्याने स्वराचा पोत बिघडतो.

१५. लघुपट २५ फ्रेमचा आहे आणि महोत्सवाने २४ फ्रेमची डीसीपी मागितली आहे. काय करावे?

डीसीपी म्हणजे चित्रपटगृहाच्या प्रक्षेपकासाठीचा फाइलसंच. त्यात प्रत्येक फ्रेम जेपीईजी २००० पद्धतीने स्वतंत्र साठवलेली असते आणि आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटांचा असतो. आयोजकांना आधी विचारावे की २५ फ्रेम चालतील का. नव्या मानकात २५ ला मान्यता आहे आणि अनेक प्रक्षेपक ते सहज वाजवतात.

२४ च हवे असेल तर एकेक फ्रेम तशीच ठेवून सगळा लघुपट २४ च्या वेगाने चालवावा. २५ मिनिटांचा लघुपट २६ मिनिटे २.५ सेकंदांचा होतो आणि प्रेक्षकाला ते कळत नाही. आवाज मात्र तेवढाच ताणावा लागतो, आणि ताणताना पट्टी कायम ठेवण्याचा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर तो सुमारे पाऊण अर्धस्वर उतरतो. संवादाला ते चालून जाते. लघुपटात कुणी गात असेल किंवा मागे बासरी असेल, तर दोन्ही प्रकारे ताणून शांत खोलीत ऐकावे आणि मगच ठरवावे. सॉफ्टवेअरला नुसते २४ सांगून सोडून दिले, तर ते दर सेकंदाची एक फ्रेम गाळते, आणि कॅमेरा हळू फिरत असलेल्या दृश्यात ती उणीव सेकंदाला एका हिसक्यासारखी मोठ्या पडद्यावर स्पष्ट दिसते.